वीतभर वाळू

“मोजा की, काका.”

उडीच्या खड्ड्याबाहेर येऊन, वाळूनं माखलेले हात कमरेवर ठेवून, मान जराशी कलती करून ती हे म्हणायची. उडी लांब पडलेली असो नाहीतर आखूड, आवाज तोच. आमच्या कोल्हापुरात “बसा की”, “जेवा की” म्हणतात, त्यातलाच तो “की”. पण रोज सकाळी साडेसहाला, पोट आवरत उकिडवं बसून, टेपचं टोक हातात धरून तुम्ही तो ऐकला असता, तर तुम्हालाही वाटलं असतं की ही पोरगी दरवेळी आपल्या हवाली काहीतरी करते आहे.

आमच्या घरात जेवताना गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. बारसं असो, साखरपुडा असो, भाचे-पुतणे मला घेरतात. तिची गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे. पण दरवेळी शेवटच्या उडीपाशी थांबतो. ती धावत येते, फळीवर पाय पडतो, ती हवेत जाते आणि मी म्हणतो, “वाढा आता भात.” त्यामुळे आमच्या घरच्या पोरांचा पक्का समज आहे की तिला नोकरी लागली आणि ती आता कुठल्याशा मोठ्या खुर्चीत बसलेली आहे. मी तो समज मोडलेला नाही. तुमच्यापुढे भात वाढायची सोय नाही, तेव्हा पुढचं सांगणं आलं.

आधी माझं सांगतो, म्हणजे ते लवकर संपेल. मी शाळेत कारकून. विद्यार्थी असताना आयुष्यात एकदाच लांब उडी मारली, ती वाळूपर्यंत पोचली नाही. नोकरीला लागल्यावर एका सकाळी क्रीडाशिक्षकांना टेप धरायला माणूस हवा होता आणि मी नेमका चहा पिऊन मोकळा उभा होतो. झालं. लांब उडी मोजताना टेपच्या शून्याच्या टोकाला एक खिळा असतो. उडी मारणाऱ्याच्या अंगाची वाळूत जी खूण उडी घ्यायच्या फळीला सर्वांत जवळ असेल, तिथे तो रोवायचा. टाच असो, हात असो, बूड असो, जवळची खूण धरायची. पलीकडचा माणूस टेप ताणून फळीपाशी आकडा वाचतो. या खिळ्याचं काम माझ्याकडे आलं ते गेलंच नाही. पुढे मी पंचांची परीक्षासुद्धा दिली आणि पास झालो. पांढरी टोपी मिळाली. ती घालून घरी आलो तेव्हा आमची ही म्हणाली, “जेवताना तरी काढा. भाजीत पडंल.”

ती आमच्या मागच्या गल्लीतली. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. आबा पैलवान नव्हते. तालमीतल्या हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती उकरणं, तिच्यात तेल, हळद, ताक घालून ती मऊ ठेवणं हे त्यांचं काम. कुस्ती मारणाऱ्याचा फेटा बांधलेला फोटो लागतो. माती उकरणाऱ्याचा लागत नाही. पण आबांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, “पडणाऱ्याला लागू न्हाय म्हणून म्या हाय. जिंकणाऱ्याचं तो बघून घील.”

तालमीत बायकांना उंबऱ्याच्या आत पाऊल नव्हतं. लहानपणी ती डबा घेऊन जायची आणि उंबऱ्याबाहेर थांबायची. आबा डबा घ्यायला यायचे तेव्हा चिमूटभर लाल माती आणून तिच्या कपाळाला लावायचे. तिच्या मनात तेव्हा काय चालायचं ते मला माहीत नाही. एवढं मात्र खरं, की आमच्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात लांब उडीसाठी नवा खड्डा करायचा ठरला, तेव्हा आबा स्वतःचं खोरं घेऊन आले, दोन दिवसांत खड्डा खणला, वाळू चाळून भरली आणि आठवीतल्या लेकीला म्हणाले, “जा. ह्यो तुझा हौदा.”

त्याच वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा उतरली. उडी अशी पडली की पोरं ओरडली. ती वाळूतच उभी राहिली, मागे वळली, खाली वाकून बोटं वाळूला लावली आणि कपाळाला टेकवली. हौद्यात उतरलेला माणूस करतो तसं. बोटांची खूण टाचेच्या बरीच मागे पडली होती. मी नियमानं खिळा तिथे रोवला. पहिला नंबर गेला.

आबा तरातरा माझ्याकडे आले. तेव्हा आमची नुसती तोंडओळख होती.

“ओ पावणं, मातीच्या पाया पडलं तर उडी कमी व्हती व्हय?”

मी त्यांना नियम सांगितला. खड्ड्याबाहेर पडायच्या आधी अंगाची कुठलीही खूण मागे पडली, की तिथूनच मोजायचं. आबांनी तो ऐकला, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि म्हणाले, “मग बरोबर हाय तुमचं. आमचंच चुकलं.” भांडायला आलेला माणूस इतक्या सहज माघार घेतो हे मी कोल्हापुरात तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभर आबा रोज सकाळी खड्ड्याशेजारी उभे. ती उडी मारायची आणि आबा ओरडायचे, “आधी भाईर, मग मस्तक!” उडी पडली की पुढच्या अंगानं बाहेर यायचं, वळसा घालायचा आणि मग काठावरून वाकून वाळू कपाळाला लावायची. शंभरदा, दोनशेदा. शेवटी ते तिच्या अंगात इतकं मुरलं की पायऱ्या उतरून रस्त्यावर आली तरी आधी दोन पावलं पुढे टाकून मग मागे वळायची. माथा टेकला की हात कमरेवर. मग, “मोजा की, काका.”

आमच्याकडच्या पोरी “मी जातो, मी करतो” असंच बोलतात, तशीच तीही. अकरावीत असताना एक दिवस म्हणाली, “काका, मी आता सात खेळ खेळतो.”

“एकाच वेळी?”

“दोन दिवसांत. पहिल्या दिवशी अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळा, दोनशे मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भाला, आठशे मीटर. सगळ्याचं गुण मिळून नंबर.”

हे ऐकून आमची ही म्हणाली, “अगं, आम्हाला एका खेपेत धुणं आणि पाणी होत नाही.”

मग गल्लीत धमाल सुरू झाली. अडथळे म्हणून शाळेची मोडकी बाकं. भाला घरात मावेना, म्हणून तो आमच्या जिन्यात तिरका उभा. आल्यागेल्या पाहुण्याला आधी त्याचा इतिहास सांगावा लागायचा. लोखंडी गोळा तिच्या आईनं दाराला अडणा म्हणून लावला होता. सकाळी लेक सरावाला गेली की दार वाऱ्यानं आपटायचं आणि आई शिवणाच्या मशीनवरून ओरडायची, “आण गं तो माझा गोळा!”

तिच्या मोबाईलवर एका परदेशी बाईचे व्हिडिओ असायचे. एस्टोनिया नावाच्या देशातली. ती पण लांब उडीवाली, ती पण सात खेळांची. खड्ड्याच्या काठावर बसून ती तो मोबाईल आबांना दाखवायची.

“ह्ये कुठं आलं?”

“लई लांब, आबा. बर्फ पडतंय तिथं.”

“मग वाळू भिजत न्हाय व्हय?”

“घरात खेळत्यात हिवाळ्यात. मोठ्या हॉलमध्ये.”

आबा बराच वेळ बघत राहायचे. मग विचारायचे, “हिची वाळू कोण उकरतंय?” आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणायचे, “असंल की कोणतरी.”

एकदा ती फार आनंदात आली. “काका, आज ती एस्टोनियावाली पण चौथी आली!”

“पण” का, ते सांगायला हवं. आमची पोरगी कायम चौथी यायची. कुठल्याशा वर्षी राज्यात चौथी, मग विद्यापीठात चौथी, मग पुन्हा राज्यात चौथी. सहा खेळ बरे जायचे आणि सातव्यात कुणीतरी पुढे निघून जायचं. पहिल्यांदा चौथी आली तेव्हा आमच्या घरी शेवयांची खीर झाली. आमच्या गल्लीत बाकी कुणी कशातच चौथंसुद्धा आलेलं नव्हतं. पुढे दरवेळी खीर होत राहिली, पण हळूहळू ती वाढताना आमची ही काही बोलेनाशी झाली.

कारण चौथ्याला काही नसतं. खेळाडूंसाठी नोकरीत राखीव जागा असतात, पण त्याला पहिल्या तिघांतलं प्रमाणपत्र लागतं आणि वयाची अट असते. ती तीन शाळांत तासिकेवर खेळ शिकवायची. जूनमध्ये घ्यायचे, मार्चमध्ये “बघू पुढच्या वर्षी” म्हणायचे. दरम्यान मांडीमागचा स्नायू फाटला. एक अख्खं वर्ष गेलं. ती काठी घेऊन खड्ड्यापाशी यायची आणि नुसती बसायची. मी म्हणायचो, “जरा घरी विश्रांती घे.” ती म्हणायची, “घरी आई मशीनवर, आबा खाटंवर. तिथं बसून मी काय करू? हितं बसतो. हितं निदान वाळू काय इचारत न्हाय.”

आबांना तोवर अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला. खोरं दाराआड उभं राहिलं आणि खड्डा ती स्वतः उकरू लागली. आबा गेले ते थंडीत, सकाळी. बाराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी मैदानावर गेलो तर ती आधीच आलेली. उडी मारत नव्हती. खोऱ्यानं वाळू वरखाली करत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा उलटी. मी टेप काढला नाही. नुसतं म्हणालो, “चहा घेणार?” माझ्यासारख्या माणसाला दुःखात एवढंच सुचतं.

“काका,” ती म्हणाली, “अजून एक वर्ष हाय. अर्जाचं वय पुढच्या वर्षी संपतंय. एकदा तिसरी आलो तरी बास. पहिलीबिहिली न्हाय मागत मी. तिसरी.”

ते वर्ष मी कसं सांगू? मी घरी गोष्टी सांगतो तेव्हा त्या वर्षातले गमतीचे प्रसंगच सांगतो, कारण बाकीचं सांगण्यासारखं नाही. ती पहाटे मैदानावर, मग शाळा, मग पुन्हा मैदानावर. गालफडं बसली. मांडीला पट्टी कायमची. कुणी “कशी आहेस” म्हटलं तर आकडे सांगायची. आमच्या हिनं एकदा तिला जबरदस्तीनं जेवायला बसवलं, तर तिनं तिसऱ्या घासाला विचारलं, “काकू, न्हाय झालं तर मी कोण म्हणायची हो?” आमची ही भाकरी थापता थापता थांबली. तव्यावरची करपली. मग तीच म्हणाली, “जाऊ दे. वाढा की.”

त्याच वर्षी एस्टोनियाच्या बाईनं खेळ सोडला. मोबाईलवर फोटो आला होता. मैदानात उभी, हातात फुलं, भोवती माणसं. मी म्हणालो, “बघ, प्रत्येकाला कधीतरी सोडावंच लागतं.” ती फोटोकडे बघत म्हणाली, “सोडायला आधी हातात काहीतरी लागतंय की काका.”

राज्याची स्पर्धा त्या वर्षी आमच्याच गावात आली. लांब उडीच्या खड्ड्यावर पंच म्हणून माझं नाव लागलं. मी प्रमुख पंचांना म्हणायला हवं होतं, की या गटात माझ्या शेजारची पोरगी आहे, मला भाल्याकडे टाका. पण ते म्हणाले, “खिळ्यावर तुम्हीच बसा. तुमच्यासारखा खिळा कुणाचा नाही.” आणि मला बरं वाटलं. माणसाला कशाचा अभिमान चढेल सांगता येत नाही. मला खिळ्याचा चढला.

पहिल्या दिवसाअखेर ती तिसरी होती. दोनशे मीटर संपल्यावर पट्टी सोडत ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “तीन.” आणि बोटंही तीन दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब उडी. सात खेळांच्या स्पर्धेत लांब उडीला तीनच संधी असतात. त्यातली चांगली धरतात. पहिल्या उडीला तिचा अंगठा फळीच्या पुढे गेला. लाल निशाण. दुसऱ्या उडीला तेच. दोन्ही बाद. तिसरी बाद झाली तर लांब उडीचे गुण शून्य, आणि सगळं संपलं. आखूड पडली तरी जवळपास तेच.

ती धावायच्या खुणेकडे चालत गेली. खुणेला ती आबांची जुनी रबरी स्लीपर ठेवायची. आज ती स्लीपर तिनं पायाच्या पंज्यानं जराशी मागे सरकवली, सरळ केली, पुन्हा सरकवली. मला तिचे ओठ हललेले दिसले. मी पंच होतो. मला देवाचं नाव घ्यायचीसुद्धा परवानगी नव्हती, पण मी घेतलं.

घरी मी इथे थांबतो.

ती सुटली. पाय फळीवर असा पडला की आवाजावरूनच कळावं. हवेत ती जरा जास्तच वेळ राहिली. खड्ड्याच्या ज्या भागात कुणीच पोचत नव्हतं, जिथली वाळू सकाळपासून सपाट होती, तिथे दोन्ही टाचा रुतल्या आणि ती पुढे झुकली. मी बावीस वर्षं वाळूशेजारी बसलेलो आहे. उडी मोजायच्या आधी मला कळते. ही तिच्या आयुष्यातली सर्वांत लांब उडी होती. तिसरा नंबर सोडा, दुसरीलाही धाप लागली असती.

प्रमुख पंच फळीच्या पुढे अंगठ्याची खूण पडली का ते बघायला वाकले होते. उडी धरल्याचं पांढरं निशाण वर गेलं. ते तिनं पाहिलं. वाळूत, आपल्याच टाचांच्या खळग्यांत ती उभी राहिली, आणि मागे वळली.

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. ती आठवीत असताना.

“आधी भाईर” हे शब्द माझ्या घशापर्यंत आले. पंचानं खेळाडूला सूचना द्यायची नसते, म्हणून ते अडले, की माझी जीभच जड, कोण जाणे. तोवर ती वाकली होती. चार बोटं वाळूत गेली, टाचांच्या मागे, फळीच्या बाजूला. तिनं डोळे मिटले आणि वाळू कपाळाला लावली.

मग डोळे उघडले. आधी हाताकडे पाहिलं, मग वाळूकडे, मग माझ्याकडे.

मी खिळा रोवलेला होता. बोटांच्या खुणेत. विचार करून रोवला असता तर कुठे रोवला असता हे मला आजही माहीत नाही. डोळ्यांनी जवळची खूण पाहिली आणि हात गेला. विचार नंतर आला. टाचेची खूण तिथून वीतभर पुढे होती. प्रमुख पंच फळीपाशी, आकडा लिहिणारी बाई कागदावर, बाकीच्या पोरी आपापल्या धावण्याच्या नादात. त्या चार बोटांकडे बघणारे आम्ही दोघंच होतो. खिळा उचलून पुढे न्यायला एक श्वास पुरला असता आणि बोटांची खूण माझ्याच तळव्याखाली पुसली गेली असती.

“लावला का?” फळीकडून हाक आली.

माझी बोटं खिळ्यावरच होती. मी तिच्याकडे पाहिलं. कपाळावर वाळू, हात लोंबते. हात कमरेवर ठेवायची ती विसरली होती.

“मोजा की, काका,” ती म्हणाली. अगदी हळू.

मी म्हणालो, “लावला.”

आकडा वाचला गेला. वाळू सपाट करणाऱ्या माणसानं फावडं ओढून दोन्ही खुणा बुजवल्या.

भाला तिनं कसा फेकला मला आठवत नाही. आठशे मीटर आठवतं, कारण ते मी कुंपणाला धरून पाहिलं. तिसऱ्या नंबरावर गेलेल्या पोरीला चांगली वीस-पंचवीस पावलं मागे टाकलं असतं तर अजून जमत होतं. दोनदा मैदानाला फेरी. पहिल्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढे होती, इतकी पुढे की कुणीतरी माझ्या मागून म्हणालं, “ही येडी हाय. मरतीया आता.” दुसऱ्या फेरीत मांडी धरली. ती लंगडत पळाली. तोंड उघडं, डोळे कुठे लागलेले कळत नव्हतं, पट्टी सुटून पायात आलेली. रेषा ओलांडून ती पालथी पडली, आणि पडल्या पडल्या मागे वळून पावलं मोजत होती. तिसरी पोरगी बारा पावलांवर आली.

त्या वीतभर वाळूत जेवढे गुण होते, त्यातल्या निम्म्यांवर ती तिसरी आली असती. हे मी त्या दिवशी कागदावर मांडून पाहिलं. नंतरही पुष्कळदा मांडलं. उत्तर बदलत नाही.

संध्याकाळी ती बूट हातात घेऊन आमच्या दारावरून गेली. उंबऱ्यापाशी थांबली. “काका, चौथा,” असं म्हणाली, जणू किती वाजले ते सांगते आहे. आमच्या हिनं सकाळीच खीर करून ठेवली होती. ती पातेल्यात तशीच राहिली.

तीन आठवडे ती मैदानावर आली नाही. मी मात्र रोज साडेसहाला जात होतो. टेप खिशात, कुणाचंच काही मोजायचं नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी खोऱ्याचा आवाज ऐकू आला. ती खड्डा उकरत होती, आबांच्या पद्धतीनं, टोकापासून टोकापर्यंत. मी काठावर बसलो.

“खिळा बरोबर रोवला तुम्ही,” ती न थांबता म्हणाली.

मी काठावरची वाळू हातानं आत लोटत राहिलो.

“आबा असता तर हाणला असता मला. जन्मात दोन शब्द शिकवलं त्यानं. तेवढंबी राहिलं न्हाय ध्यानात.” ती हसली. ते हसू मला अजून पुरून उरतंय. “काय करू काका? पांढरं निशाण बघितलं आन् वाटलं, झालं. आबाला सांगाय पायजे. सांगायला दुसरी जागा कुठं हाय माझी?”

मग माझ्या तोंडून गेलं, “मी टाचेपाशी रोवला असता तर...”

तिनं दोन खोरी वाळू उचलून टाकली. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

“तर नोकरी लागली असती की,” ती म्हणाली.

बस्स. तेवढंच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मला समजावलंही नाही. मी त्या वाक्यावर आजवर कितीदा उलटासुलटा झालो आहे, पण त्याच्या पलीकडे त्यात काही सापडत नाही.

वाळू सपाट करून ती पुढच्या अंगानं बाहेर आली. वळसा घालून काठावर उभी राहिली. वाकली मात्र नाही. खोरं माझ्याकडे देत म्हणाली, “ह्ये ठेवा तुमच्याकडं. गंजू देऊ नका.”

पंधरा दिवसांनी घराला कुलूप दिसलं. पुण्याकडे कुठल्याशा निवासी शाळेत वसतिगृहावर देखरेखीचं काम मिळालं, आईला घेऊन गेली, असं गल्लीत कळलं. जाताना आमच्या जिन्यातला भाला तिनं नेला नाही. दाराचा गोळाही इथेच राहिला. आता तो आमच्या दाराला असतो. एकदा मी फोन लावला. तिकडून पोरींचा गलका ऐकू येत होता. “बोला की काका,” ती म्हणाली. मी पावसापाण्याचं विचारलं. खेळते का, हे विचारायचं धाडस झालं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

शाळेच्या खड्ड्यात आता कुणी उडी मारत नाही. पोरं क्रिकेट खेळतात, चेंडू वाळूत आला की शिव्या देतात. दर रविवारी मी खोरं घेऊन जातो आणि जमेल तेवढी वाळू वरखाली करतो. आबांची सर नाही. निम्म्यातच कंबर धरते. परवा एकानं कुंपणावरून विचारलं, “काका, भुईमूग लावताय व्हय?” मी म्हणालो, “व्हय.” दुसरं काय सांगणार?

उकरून झालं की मी पुढच्या अंगानं बाहेर पडतो, वळसा घालतो आणि काठावर येतो. आधी भाईर, ते जमतं. मस्तकाचं अजून जमलेलं नाही. वाकायला गेलो की माझी नजर आपोआप वाळूवरून फिरते आणि फळीला सर्वांत जवळची खूण कुठली ते शोधायला लागते. खुणा सगळ्या माझ्याच पावलांच्या असतात.